व्हर्मिन नावाची मुलगी

मॅडमनी मला दातांत बूच धरायला लावलं.

साधं बूच. औषधाच्या जुन्या बाटलीचं. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलं आणि तो कागद टीपॉयवरून माझ्याकडे सरकवला. हातात दिलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या दातांत धर आणि ओळ म्हण. हळूहळू."

दुपारचे चार वाजले असतील. साहेबांच्या बंगल्याचा हॉल. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे वर्क्स मॅनेजर, मॅडम त्यांच्या पत्नी. हॉलमध्ये गालिचा होता आणि मी गालिच्याच्या बाहेर, फरशीवर उभा होतो. चपला मागच्या दाराशी काढून ठेवलेल्या. सोफ्यावर मॅडमच्या तीन मैत्रिणी कपबशा घेऊन बसल्या होत्या, सगळ्या ऑफिसरांच्या बायका. साहेबांचा मुलगा विकी खिडकीच्या कट्ट्यावर मांडीवर गिटार घेऊन.

मी ओळ म्हटली. दातांत बूच असलं की थुंकी आवरत नाही. ती हनुवटीवरून ओघळली. पुसायला हात वर केला तर मॅडम म्हणाल्या, "हात खाली. उच्चाराकडे लक्ष दे."

पुन्हा म्हटली. पुन्हा ओघळली. शर्टाच्या बटणापर्यंत ओलं झालं.

"आता बूच काढ. तो शब्द एकटा म्हण."

"वर्मिन," मी म्हणालो.

"वर्मिन नाही. व्हर्मिन. खालचा ओठ दातांखाली घे. तुम्हा लोकांना ते जमतच नाही."

"व्हर्मिन."

"पुन्हा."

वीस-पंचवीस वेळा म्हणायला लावला असेल. दर वेळी सोफ्यावर खसखस पिकायची. एकीनं पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "अगदी शोभतोय गं याच्या तोंडी." मला वाटलं माझं कौतुक चाललंय. मी हसलो. ओली हनुवटी घेऊन मी त्यांच्याकडे बघून हसलो.

त्या शब्दाचा अर्थ त्या खोलीत फक्त मला माहीत नव्हता.

निघताना मॅडम म्हणाल्या, "ते बूच घेऊन जा. इथल्या टोपलीत नको टाकूस."

मी ते खिशात घातलं आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

आमचं मूळ गाव निघोजे. चाकणच्या अलीकडे. तेव्हा तिकडं कारखाना नव्हता. गावाबाहेर आमची बारा घरं होती. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला पिंपरीत एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि माती खणायला माणसं लागत होती. माझे वडील, म्हणजे आबा, तेव्हा आले. ज्या फाउंड्रीचा पाया त्यांनी खणला तिच्यातच पुढं त्यांना काम लागलं. फेटलिंगमध्ये. साच्यातून निघालेल्या लोखंडाचे वाढीव काठ घासून काढायचे. दिवसभर ठिणग्या आणि काळी धूळ. घरी आले की आधी नाकातून काळं निघायचं, मग माणूस दिसायचा.

तरी आबांचा गळा शाबूत होता. ते वस्तीच्या गायन पार्टीत गायचे. जयंतीला आमच्या नदीकाठच्या वस्तीत निळ्या पताका लागायच्या, विहारापुढं स्टेज बांधायचे आणि आबा वरच्या पट्टीत असा सूर लावायचे की पलीकडच्या कॉलनीतले लोक गच्चीवर येऊन उभे राहायचे. खाली कुणी उतरायचं नाही. ऐकायचे आणि जायचे.

तो गळा माझ्याकडे आला.

ऐंशी साल असावं. आयटीआय करून मी त्याच कंपनीत अप्रेंटिस होतो. वर्ष संपलं की कायम करतील अशी आशा होती. अप्रेंटिसांच्या गॅदरिंगमध्ये मी जयंतीचं एक गाणं गायलो. मध्येच माइक बंद पडला. मी थांबलो नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

कार्यक्रम संपल्यावर विकी शोधत आला. लांब केस, काळा शर्ट, इंग्रजी शाळेतली जीभ. पुण्याच्या कॉलेजात शिकत होता. पण माझ्याशी मराठीत बोलला. "ए हिरो, काय गळा आहे रे तुझा. फाटल्यासारखा वाटतो आणि फाटत नाही. आमचा बँड आहे. गाशील?"

मग विचारलं, "आडनाव काय?"

मी सांगितलं. त्यानं बरोबरच्या ड्रमवाल्याकडे पाहिलं. ड्रमवाल्यानं खांदे उडवले. विकी म्हणाला, "चालेल."

चालेल. हा शब्द मी कितीतरी दिवस आनंदानं आठवत होतो.

बंगल्याच्या मागं गॅरेज होतं. गाडी बाहेर काढून तिथं त्यांचा सराव चालायचा. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी तिकडं. मागच्या फाटकानं आत. गॅरेजच्या खिडकीत माझा एक स्टीलचा पेला ठेवलेला असायचा. बाकीच्यांना चहा कपातून यायचा. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. गावात ओंजळीनं पाणी प्यालेल्या माणसाचा मी मुलगा. पेला मिळाला म्हणजे पुढं आलो असंच मला वाटलं.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते संगीत आवडलं. विकीनं पहिल्यांदा परदेशातून आलेली एक रेकॉर्ड लावली तेव्हा मला फाउंड्री आठवली. भट्टीचं तोंड फोडायच्या आधी पायाखालची जमीन गुरगुरते. तसा त्यातल्या बास गिटारचा आवाज होता. मग गिटार यायचं, ग्राइंडरवर लोखंड टेकवल्यासारखं. ते लोक ज्याला हेवी म्हणत होते ते मला परकं वाटलं नाही. आम्ही त्यातच राहत होतो. विकीनं स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवला होता एकदा. तेही मी विसरलेलो नाही. नंतर त्यानं तो रुमालानं पुसून घेतला. तेही नाही.

गाणी इंग्रजीत होती. विकीनं स्वतः लिहिलेली. आठ गाणी, पहिलीच लाँग प्ले रेकॉर्ड. साहेबांची मुंबईत कुणाशी ओळख होती, तिथं ती निघणार होती. माझं इंग्रजी म्हणजे मशीनवरच्या पाट्या. ऑन, ऑफ, डेंजर. मग मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायचो. "दे कम अप फ्रॉम द रिव्हर, दे कम अप टु युवर डोअर." जसं ऐकलं तसं. आबांकडून गाणी पाठ करतो तशी पाठ केली. फरक इतकाच की आबा गाणं शिकवताना आधी अर्थ सांगायचे. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, का बोलतंय. मग सूर.

इथं अर्थ कुणी सांगितला नाही. मी एकदा विचारला.

सगळ्यात मोठं गाणं होतं त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा. रेकॉर्डचं नावही तेच ठरलं होतं. व्हर्मिन. गाण्याच्या शेवटी तो शब्द मी आबांच्या सुरासारखा लांब ओढायचो आणि हळूहळू खरवडत खाली आणायचो. विकी डोळे मिटायचा. म्हणायचा, "भीती वाटते रे ऐकताना. हेच पाहिजे."

मी विचारलं, "विकीभाऊ, व्हर्मिन कोण?"

विकीनं ड्रमवाल्याकडे पाहिलं. मग ड्रमवाला म्हणाला, "मुलगी आहे."

"कोण मुलगी?"

"नदीकाठी राहते," विकी म्हणाला. "रोज येते. लोक दार उघडत नाहीत."

दोघं हसले. मीही हसलो. मला वाटलं, प्रेमाचं गाणं आहे, म्हणून लाजतायत.

मी ती मुलगी खरी धरली. नदीकाठची, म्हणजे आमच्यातलीच. लोक दार उघडत नाहीत, म्हणजे आमच्यातलीच. मी तिला चेहरासुद्धा दिला. मशीनवर उभा असताना तिचा विचार करायचो. आणि गाताना तिच्यासाठी गायचो, म्हणून तो सूर तसा लागायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला जीभ वळत नाही.

घरी सराव करायचो तर आईच्या कानावर पडायचं. थोरल्या भावाची चार महिन्यांची पोर होती. आई तिला झोळीत टाकून हलवता हलवता गुणगुणायला लागली. व्हर्मिन, व्हर्मिन. तिच्या पद्धतीनं, ओवीसारखं. पोर झोपायची.

मी आईला सांगितलं, मुलीचं नाव आहे.

"ग्वाड नाव हाय," आई म्हणाली.

पावसाळा सरल्यावर रेकॉर्डिंग ठरलं. कंपनीच्या क्लबचा हॉल. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी. हातोडे बंद, वीज नीट, म्हणून गुरुवारचेच दिवस घेतले. हॉलच्या भिंतींना गाद्या आणि गोणपाट लावले. मुंबईहून एक रेकॉर्डिस्ट मोठं टेपचं मशीन घेऊन आला. पहिल्या गुरुवारी त्यानं आवाज जुळवण्यासाठी आमच्याकडून व्हर्मिन एकदा म्हणून घेतलं. "ही नुसती ट्रायल," तो म्हणाला. "खरं शेवटी घेऊ." मग तीन गुरुवारांत बाकीची सात गाणी झाली. मी एकही चुकलो नाही. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "हा मुलगा कुठून आणला?" विकी गिटारच्या तारा जुळवायला लागला.

त्याच दिवसांत एका सकाळी विकी फोटोग्राफर घेऊन आमच्या वस्तीत आला. रेकॉर्डच्या कव्हरसाठी फोटो पाहिजे होता. बँडमधले तिघं, विकी, ड्रमवाला आणि बास वाजवणारा, काळे शर्ट घालून नाल्याच्या कठड्यावर उभे राहिले. मागं आमची पत्र्याची घरं. मीही केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून गेलो.

विकी म्हणाला, "तू थोडा बाजूला हो."

"मी पण बँडमध्ये आहे ना?"

"आहेस रे. पण फोटोची फ्रेम वेगळी आहे. तू या लोकांना जरा मागं उभं कर. तुझं ऐकतील."

मी उभं केलं. माझ्या हातांनी. शेजारच्या म्हातारीला, नळावरून हंडा घेऊन येणाऱ्या माझ्या आईला, झोळीतल्या पोरीला कडेवर घेतलेल्या वहिनीला. लोकांना कौतुक वाटत होतं, ते हसत होते. फोटोग्राफर म्हणाला, "हसू नका. नुसतं इकडं बघा." आई पदर सावरायला लागली तर म्हणाला, "राहू दे तसाच."

नदीवरून वारा येत होता. का कुणास ठाऊक, मला गार वाटलं. लोकांना तिथून हलवावं असं वाटलं. पण मी त्यांना तसंच उभं ठेवलं.

आठवड्याभरानं कव्हरचा नमुना छापून आला. विकीनं गॅरेजमध्ये दाखवला. वर लाल अक्षरांत मोठं नाव. खाली काळ्या शर्टातले तिघं. मागं आमची वस्ती, धुरकट. त्यात आई ओळखू येत होती. मागच्या बाजूला नावं होती. मी माझं नाव शोधलं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. नव्हतं. गायक म्हणून विकीचं नाव होतं.

"नमुना आहे रे," विकी म्हणाला. "बदलू."

मी तो एका दिवसासाठी घरी मागून नेला. आईला तिचा फोटो दाखवायचा होता.

माझी बहीण सुमन तेव्हा दहावीत. नगरपालिकेच्या शाळेत. इंग्रजीत पहिली आली म्हणून तिला बक्षिसात शब्दकोश मिळालेला, इंग्रजी-मराठी. खाकी कव्हर घालून ती तो जपायची. तिनं नमुना हातात घेतला, लाल अक्षरं वाचली आणि म्हणाली, "हे मुलीचं नाव नाही वाटत, भाऊ. स्पेलिंग वेगळंच आहे."

इतके दिवस तो शब्द आमच्या घरात नुसता आवाज होता. माझ्या वहीत देवनागरीत. स्पेलिंग पहिल्यांदा आलं.

तिनं शब्दकोश उघडला. बोट खाली खाली नेलं. थांबलं. ती वाचेना.

"वाच की."

"नको."

"सुमन, वाच."

तिनं वाचलं. "उंदीर, घुशी, उवा, ढेकूण असे उपद्रवी प्राणी." मग खालची ओळ. "समाजात घाण पसरवणारे नीच लोक."

आई झोळी हलवत होती. तोंडानं चालूच होतं. व्हर्मिन, व्हर्मिन.

मी म्हणालो, "आई, बंद कर."

"का रं? पोर निजतीय."

"बंद कर म्हणतो ना."

मी वही काढली. सुमननं माझ्या देवनागरीवरून इंग्रजी शब्द ओळखले आणि एकेक ओळ मराठीत लावली. दिवेलागण व्हायच्या आत गाणं पुरं झालं. ते नदीतून वर येतात. ते तुमच्या दाराशी येतात. त्यांची पिल्लं तुमच्या भिंतीत वाढतात. दार उघडू नका. त्यांची बिळं जाळा. व्हर्मिन.

बिळं जाळा. या ओळीवर मी सूर सगळ्यात वर न्यायचो.

आईला सगळं समजलं नाही. मी सांगितलं, "आई, ते आपल्याला उंदीर म्हणतायत. आपल्या वस्तीला बीळ म्हणतायत. मुलगी नाही. कुणी मुलगी नाही."

झोळी थांबली होती. आईनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आन ते तू गायलास?"

मला मॅडमचा हॉल आठवला. सोफ्यावरच्या बायका. अगदी शोभतोय. मी बाहेर जाऊन नाल्याच्या कठड्यापाशी उभा राहिलो.

शेवटचा गुरुवार. व्हर्मिन त्या दिवशी घ्यायचं होतं. साहेब आणि मॅडम मुद्दाम बघायला आले होते, पुढं खुर्च्या टाकून बसले होते. रेकॉर्डिस्टनं माइक माझ्या उंचीला लावला. ड्रमवाल्यानं काठ्या उचलल्या.

मी म्हणालो, "हे गाणं मी म्हणणार नाही."

विकीला वाटलं घसा बसलाय. "पाणी आणू का?"

"घसा बरा आहे. गाण्याचा अर्थ कळला."

हॉलमध्ये गाद्या लावलेल्या होत्या, त्यामुळं आवाज कुठंच जात नव्हता. जो बोलेल त्याच्यापाशीच पडत होता.

विकी जवळ आला. हळू बोलला. "हे बघ, ही कला आहे. मी कुणावर लिहिलेलं नाही. शहराची भीती आहे ती. लोकांच्या मनातली. आणि तू त्यांच्यातला नाहीस. तू वेगळा आहेस."

"माझी आई कव्हरवर आहे."

"ते सिम्बॉलिक आहे."

"त्याला मराठीत काय म्हणतात?"

त्यानं गिटारचा पट्टा सारखा केला.

मी म्हणालो, "तुम्ही मला मुलगी म्हणून सांगितलं. माझ्या घरात तो शब्द गुणगुणून आई पोर झोपवत होती. मी गायलेली सातही गाणी पुसा. माझा आवाज द्या परत."

रेकॉर्डिस्ट टेपच्या मशीनकडं बघत राहिला. मॅडम म्हणाल्या, "अरे, एवढं शिकवलं तुला. बोलायची तरी रीत शिकलास का?"

साहेब उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. मला म्हणाले, "तुझे वडील आपल्या फेटलिंगला ना?"

"हो."

"छातीचा त्रास आहे म्हणे त्यांना. सांभाळ हं."

मी माइक धरून उभा होतो. एक मन म्हणत होतं, गा. चार मिनिटांचं गाणं आहे, कुणाला कळणार आहे. पण आईचं वाक्य मध्ये येत होतं.

मी माइक सोडला. हॉलला दोन दारं होती. मागचं नोकरांसाठी, किचनमधून. मी साहेबांच्या आणि मॅडमच्या खुर्च्यांमधून पुढं गेलो आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो. मॅडमनी साडी आवरून घेतली. तेवढं दिसलं.

बाहेर ऊन होतं. कारखान्यांना सुट्टी असल्यामुळं सगळीकडं शांत. भोंगा नाही, धूर नाही. इतकी शांत पिंपरी मला बरी वाटली नाही.

दोन आठवडे काही घडलं नाही. आबा रोज जायचे, रोज यायचे. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "बरं केलंस." फाटकावर वॉचमन माझी पिशवी उघडून बघायला लागला, आधी बघायचा नाही. सुपरवायझर माझ्याशी बोलायचा थांबला. मशीनवर कुणी तरी मागं उभं असल्यासारखं वाटायचं. वळून बघितलं तर कुणी नसायचं.

मग एका दुपारी आबांना पर्सोनेल ऑफिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. चहा दिला. तिथला ऑफिसर म्हणाला, "तुमच्या छातीसाठी कंपनी रजा देतेय. हा रजेचा अर्ज. इथं सही करा."

कागद इंग्रजीत होता. आबांनी सही केली. सही त्यांना येत होती, वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात शिकले होते. मोठ्या, गोल, मराठी अक्षरांत त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यांना त्या सहीचा अभिमान होता.

घरी येऊन त्यांनी कागदाची नक्कल सुमनच्या हातात दिली. ती वाचून रडायला लागली. प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे.

आम्ही युनियनच्या माणसाकडं गेलो. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. "सही तुमचीच आहे ना?" एवढंच विचारलं.

महिन्याभरानं माझं अप्रेंटिसचं वर्ष संपलं. बरोबरच्यांना कायम केल्याची पत्रं आली. मला आलं नाही.

रेकॉर्डही निघाली. कॉलनीजवळच्या एका दुकानात लागलेली मी रस्त्यावरून ऐकली. मी न गायलेलं गाणं त्यात होतं. माझ्याच आवाजात. पहिल्या गुरुवारची ट्रायल त्यांनी वापरली होती. मी उन्हात उभा राहून माझाच आवाज ऐकला, बिळं जाळा म्हणणारा. दुकानात दोन कॉलेजची मुलं मान हलवत होती. आत जावं, ही तबकडी फोडावी, असं वाटलं. पण एक फोडली तर बाकीच्यांचं काय? त्या कुठं कुठं गेल्या ते मला माहीत नाही. अजून कुठं तरी कुणाच्या घरात त्या असतील. गायकाचं नाव विकीचं.

त्या दिवशी घरी जाऊन मी आबांपुढं बसलो. वाटलं होतं ते मला बोलतील. माझ्यापायी त्यांचं काम गेलं होतं. ते भिंतीला टेकून बसले होते. श्वास घेताना छातीत वाजत होतं.

मी म्हणालो, "आबा, मी गायलो असतो तर तुमचं काम राहिलं असतं."

"न्हाई राह्यलं तरी चालंल," ते म्हणाले. मग थांबून थांबून बोलले. "तू न वाचता गायलास. मी न वाचता सही केली. आपून दोगंबी सारकंच. त्यांनी आपल्याला फशिवलं हे खरं हाय. पन आपून तोंड उघडलं, हात पुढं केला, हेबी खरंच हाय."

ते पुढं दोन वर्षं जगले. गायन पार्टीत पुन्हा गेले नाहीत. सूर निघेना.

मी सुमनचा शब्दकोश घेतला. गाण्यासाठी नाही. साहेब लोकांसारखं बोलण्यासाठीही नाही. माझे उच्चार अजून तसेच आहेत, वर्मिनच म्हणतो, आणि त्याची मला लाज नाही. मी अर्थ शिकलो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं, तिथं जेवणाच्या सुट्टीत शब्द पाठ करायचो. टर्मिनेशन. क्लेम. वेव्हर, म्हणजे हक्क सोडणं. व्हॉलंटरी. सुमन घरी तपासायची. पहिलं वर्ष गाढवासारखं गेलं. दुसऱ्या वर्षी एका पूर्ण कागदाचा अर्थ मला एकट्याला लागला.

त्या वर्कशॉपमध्ये आम्ही चाळीसएक जण होतो. मराठवाड्यातले, कोकणातले, चाकणकडचे. एका सकाळी मालकानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. टेबलावर टाइप केलेले कागद, शेजारी शाईचं पॅड. मालक म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीचा कागद आहे. पटापट सह्या करा, कामाला लागा."

माझ्या पुढं बीडकडचा एक म्हातारा माणूस होता. त्यानं अंगठा शाईत टेकवलासुद्धा. मी मागून त्याचा हात धरला.

"थांबा काका."

मालकानं वर पाहिलं. "काय झालं?"

"वाचतो आधी."

"तू वाचणार? हे इंग्रजी आहे."

"माहीत आहे."

मी कागद उचलला. बोलायला लागलो तेव्हा आवाज फाटला, मग लागला. शेवटच्या माणसापर्यंत जाईल असा. एक ओळ इंग्रजीत, माझ्या उच्चारांत. मग तीच मराठीत. पहिल्या दोन ओळी सुट्टीच्या होत्या. तिसरीत लिहिलं होतं की आम्ही सगळे रोजंदारीवर होतो आणि आमची सगळी मागची वर्षं रद्द समजावीत. ही ओळ मी दोनदा वाचली.

मशीनं बंद होती. सगळे ऐकत होते. म्हाताऱ्या काकांनी अंगठा धोतराला पुसला. त्यांच्यामागचा माणूस रांगेतून बाजूला झाला. मग दुसरा. त्या दिवशी एकही सही झाली नाही.

मला तिथून काढलं. नंतरच्या ठिकाणीही काढलं. आता फाटकावर माझं नाव सांगितलं की काही ठिकाणी आत घेत नाहीत. पण माणसं कागद घेऊन घरी येतात. आकुर्डीहून येतात, देहूरोडहून येतात. मी प्रत्येकाला आधी बसवतो, आणि त्यालाच विचारतो, यात काय लिहिलंय असं तुला सांगितलंय? तो सांगतो. मग मी वाचतो. दोन्हीतला फरक ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला चांगलं माहीत आहे.

माझा आवाज एकदा चोरीला गेला, तो परत मिळणार नाही. आबांची सही परत मिळणार नाही. मी त्याची वाट बघत नाही. अर्थ कळल्याशिवाय माझं तोंड उघडणार नाही, आणि अर्थ कळला की मिटणारही नाही. ज्याला पाहिजे त्यानं मला कामावरून काढावं. दुसऱ्या फाटकावर जाऊन मी वाचीन.